चादरबाईंचं वेखंड

तिसरं वर्ष उलटेपर्यंत मी एक अक्षर बोलले नव्हते, आणि त्यानंतर आजतागायत गप्प बसलेले नाही. पहिल्या गोष्टीची साक्षीदार माझी आई. दुसऱ्या गोष्टीचे साक्षीदार बसस्थानकावर रोज येणारे-जाणारे दोनेक हजार लोक. मी तिथे माइकवर गाड्या पुकारते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती रद्द झाली, कुणाची पिशवी बाकावर राहिली, कुणाचे आजोबा चौकशीच्या खिडकीपाशी वाट बघताहेत, हे सगळं डुलक्या घेणाऱ्या माणसालाही समजेल अशा आवाजात सांगायचं, हे माझं एकवीस वर्षांचं काम. या आवाजाचं श्रेय घरात मला कधी कुणी दिलं नाही. सगळ्यांनी ते आत्याला दिलं आणि आत्याने ते वेखंडाला दिलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. मोठ्या इस्पितळाच्या कापडखोलीत चौतीस वर्षं नोकरी केली. चादरी, अभ्रे, ब्लँकेटं, पडदे, डॉक्टरांचे डगले हे सगळं धुऊन आलं की जिथे मोजून, घड्या घालून रचतात आणि वॉर्डावॉर्डांत पाठवतात, ती तळमजल्यावरची लांबलचक खोली म्हणजे कापडखोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फडताळं, मधोमध घड्या घालायचं टेबल आणि टेबलामागे आत्या. सगळं इस्पितळ तिला चादरबाई म्हणायचं. मोठमोठे सर्जनसुद्धा नवा डगला हवा असला की उंबऱ्याबाहेर थांबून, "चादरबाई, आहे का हो एखादा?" असं विचारत, आणि आत्या त्यांच्या अंगावरच्या डगल्याचा खिसा शाईने किती माखलाय ते बघून मग ठरवत असे.

आता वेखंड. दिसायला अगदी गरीब मुळी. अंगठ्याएवढी जाड, पेरापेरांची, वरून केसाळ, आतून मळकट पांढरी. काष्ठौषधींच्या दुकानात गोणीत पडलेली असली तर तिच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. वास मात्र असा, की गोणी उघडी असेल तर त्या दुकानाचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. आत्याच्या मते माणसांच्या बहुतेक तक्रारी वेळच्या वेळी वेखंड न वापरल्यामुळे होतात. तान्ह्याचं पोट फुगलं, की सहाणेवर उगाळून बेंबीभोवती लेप. न्हाऊन सर्दी होऊ नये म्हणून टाळूला भुकटी. कपाळ ठणकलं, लेप. गुडघा धरला, लेप. धान्याला कीड लागली, तर डब्यात एक कांडी. माझ्या दहावीच्या गणिताला यातलं काय लागू पडेल हे तिने सांगितलं नाही, पण परीक्षेच्या वर्गात कंपासपेटी उघडली तेव्हा त्यात एक कांडी निघाली. मी पस्तीस गुणांनी पास झाले, आणि तेही तिने वेखंडाच्या खात्यात टाकलं.

कापडखोलीच्या प्रत्येक फडताळात तिने जुन्या अभ्र्यांच्या पुरचुंड्या करून ठेवल्या होत्या, आत वेखंडाची भरड. त्यामुळे कपड्यांना कसर लागत नसे, पण इस्पितळातून घरी गेलेल्या माणसालाही आठवडाभर तोच वास यायचा. बसमध्ये शेजारी बसलेल्याला तो वास आला, की तो हळूच विचारायचा, "घरात कोण आजारी होतं?" एकदा नवे अधीक्षक आले. इस्पितळाला इस्पितळाचाच वास यायला हवा, असं म्हणून त्यांनी सगळ्या पुरचुंड्या काढायला लावल्या. आत्याने त्या काढल्या, मोजल्या आणि काढल्याबद्दल त्यांची सही घेतली. चार महिन्यांनी वरचे साहेब पाहणीला आले आणि त्यांनी पहिल्याच पलंगावरचं ब्लँकेट झटकलं, तर मधोमध बशीएवढं भोक, आणि भोकातून पलीकडे उभे असलेले अधीक्षक दिसताहेत. दुसऱ्या दिवशी अधीक्षक कापडखोलीच्या दारात येऊन म्हणाले, "चादरबाई, ते तुमचं जे काही होतं, ते पुन्हा ठेवलंत तर चालेल." आत्या म्हणाली, "लेखी द्या." लेखी काही आलं नाही, पुरचुंड्या मात्र परत फडताळात गेल्या.

वेखंडाला पाय सतत ओलीत लागतात. धुलाईखान्यामागे एक नळ गळायचा. आत्याने त्याच्याखाली मोडीत निघालेला, एनॅमल उडालेला बाथटब आणून ठेवला, त्यात चिखल भरला आणि वेखंड लावलं. कमरेइतकी उंच, लांबट पानं आली. नळ दुरुस्त करायला प्लंबर चार वेळा आला. चारही वेळा आत्याने त्याला चहा पाजला, त्याच्या गुडघ्याला लेप लावला आणि परत पाठवला. ती निवृत्त झाली त्या दिवशीही नळ गळतच होता. निरोपाचा नारळ, हार, घड्याळ असं काही न घेता ती बाथटबातला निम्मा चिखल दोन बादल्यांत भरून मुळ्यांसकट घरी घेऊन गेली.

तर, मी बोलत नव्हते. ऐकू येत होतं, समजत होतं, हवं ते बोटाने दाखवत होते. इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं. आई बोलते. बोलतात सगळेच, पण आईच्या बोलण्यात पूर्णविराम नसतो. ती प्रश्न विचारते आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकते. वडिलांना जे काही बोलायचं होतं, ते त्यांनी लग्नाआधीच बोलून घेतलं असावं. माझ्या मुकेपणाची काळजीही आई दिवसभर मोठ्याने करत असे. शेवटी आत्याने तिला सांगितलं, "वहिनी, हिला रोज पाच ते सहा माझ्याकडे पाठवा. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावते. सुटेल जीभ." आई रोज मला कापडखोलीच्या दारापर्यंत सोडायची. आत यायची तिला मनाई होती. आई समोर असली की वेखंड लागू पडत नाही, असं आत्याचं म्हणणं होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी मी टेबलावर बसले होते, आत्या चादरींच्या घड्या घालत होती, आणि मी एका चादरीवर बोट ठेवून म्हणाले, "ही फाटली."

हे माझं पहिलं वाक्य. आमच्या घरात ते अजून सांगतात. त्या औषधाची चवही मला पक्की आठवते: आधी जिभेच्या टोकाला बारीक डंख, मग कडू, मग घशाशी तिखट ऊब. मी हे इतक्या वेळा सांगितलंय, की चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला ते तोंडपाठ आहे आणि मी सुरुवात केली की तो पुढचं पूर्ण करतो. माझी बातमी फुटल्यावर उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आया आत्याकडे येऊ लागल्या. निवृत्तीनंतरही येत. सगळ्या जणींना तोच नियम होता. मूल आत, आई बाहेर, पाच ते सहा. बहुतेक मुलं बोलायला लागली आणि त्याचं सगळं नाव वेखंडाला मिळालं. वेखंडाबद्दल कुणी शंका घेतली, की आत्या काही न बोलता माझ्याकडे बोट दाखवायची.

गेल्या वर्षी, शहात्तराव्या वर्षी, आत्याला पक्षाघाताचा झटका आला. शेजारणीने वेळेत पाहिलं म्हणून बरं. उजवा हात जड झाला होता, तो आठवड्याभरात थोडा हलू लागला. तोंड जरासं वाकडं झालं होतं, तेही सरळ झालं. पण बोलणं गेलं. समजत सगळं होतं. काही सांगायला तोंड उघडायची, घशातून नुसता वारा यायचा आणि ती पुन्हा ओठ मिटून घ्यायची. जिने मला बोलतं केलं ती बोलत नाही, आणि मी तिच्या पलंगाशी बसून एकटीच बोलतेय, हे मला सहन होत नव्हतं. मी बसस्थानकावर जायचे, गाड्या पुकारायचे आणि दोन घोषणांच्या मध्ये डोळे पुसायचे.

इस्पितळ तेच होतं, तिचंच. चादरी मात्र आता बाहेरून प्लास्टिकच्या पाकिटांतून येतात आणि त्यांना कसल्याशा खोट्या फुलांचा वास असतो. शुद्धीवर आल्यावर आत्याने पहिलं काम केलं ते म्हणजे डाव्या हाताने अभ्रा नाकाशी ओढून हुंगला आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. तेव्हा मला कळलं, की आत्या आत सगळीच्या सगळी शाबूत आहे.

डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं. "त्या एकट्या राहतात. घरी पाठवायला माझी ना नाही. पण काही झालं तर फोन करून मदत मागता आली पाहिजे. निदान दोन शब्द. ते जमलं नाही, तर त्यांना कुणाच्या तरी घरी राहावं लागेल."

कुणाच्या तरी म्हणजे आमच्या. आमच्या म्हणजे आईच्या खोलीत. आईला मनापासून वाईट वाटलं होतं, यात शंका नाही, पण निम्मं कपाट तिने त्याच दिवशी रिकामं केलं. पलंगाशी बसून ती आत्याला म्हणाली, "वन्सं, काही काळजी करू नका. तुमचा पलंग खिडकीशी लावते. की दाराशी हवाय? नको, दाराशी वारा येतो. खिडकीशीच बरा. सकाळी आपण दोघी बोलत बसू. चालेल ना? चालेल." आत्याने माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत कुणा अधीक्षकाला न घाबरलेल्या बाईच्या डोळ्यांत मी तेव्हा भीती पाहिली. तिचं आयुष्य दोन खोल्या, एक सहाण आणि बादल्यांतलं वेखंड एवढ्यात सुखाने चाललं होतं. आता एक तर तिला बोलता यायला हवं होतं, नाहीतर उरलेला जन्म आईचं ऐकायचं होतं.

इस्पितळात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना उच्चारबाई म्हणायचे. गोड स्वभाव, गळ्यात अडकवलेला चष्मा, हातात चित्रांचे पत्ते. "हे काय आहे? सफरचंद. म्हणा बघू, स-फ-र-चंद." मग छत्री. मग गाय. आत्या शांतपणे ऐकून घ्यायची. पत्ते संपले, की डाव्या हाताने ते गोळा करून, कडा जुळवून, नीट गठ्ठा करून बाईंच्या हातात परत द्यायची. चार दिवस असंच झालं. पाचव्या दिवशी उच्चारबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "त्यांना सफरचंदात रस नाही."

मग मी ठरवलं. जे मला लागू पडलं ते तिला का पडणार नाही? आत्याच्या घरून सहाण आणि वेखंडाची एक सुकी कांडी उचलून आणली. डॉक्टरांनी दारातच अडवलं. "तोंडात काहीही घालायचं नाही. त्यांना अजून नीट गिळता येत नाही, ठसका लागला तर निस्तरता येणार नाही." मी म्हटलं, "मग वास?" डॉक्टरांनी सहाणेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वास घ्या हवा तितका."

वेखंड कसं उगाळायचं ते मला मुळीच माहीत नव्हतं. आयुष्यभर त्याचं गुणगान गायलं, पण आत्या कुणाला सहाणेला हात लावू देत नसे. मी स्टुलावर बसले, सहाण मांडीवर घेतली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि कांडी फिरवायला लागले. वास खोलीभर पसरला. समोरच्या पलंगावरचे पाय प्लास्टरमध्ये टांगलेले गृहस्थ उठून बसायचा प्रयत्न करू लागले. आत्या माझ्या हाताकडे बघत होती. आधी नुसती बघत होती, मग कपाळाला आठ्या पडल्या, मग डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटायला लागला. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"उलटं," आत्या म्हणाली.

माझ्या हातातून कांडी पडली. मी पलंगाखाली शिरून ती शोधली. खाली बसल्याबसल्याच थोडी रडले आणि मग वर आले. "काय म्हणालीस? परत म्हण." आत्याने तोंड उघडलं, पण काही आलं नाही. मी कांडी परत तशीच धरली. "उलटं," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी चांगलंच ठासून. मी पेराच्या बाजूने उगाळत होते, कापलेल्या टोकाने उगाळायला हवं होतं.

उच्चारबाई धावत आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "शब्द हरवलेले नाहीत, वाट बुजलीय. मी मागते तेव्हा येत नाहीत. ज्याच्यावर जीव आहे त्याचं कुणी वाटोळं करायला लागलं, की येतात. उद्या काय करणार आहात?"

"उद्या बरोबर टोकाने उगाळीन."

"अजिबात नाही," उच्चारबाई म्हणाल्या. "उद्या दुसरं काहीतरी बिघडवायचं."

एकवीस वर्षांत मी एकही गाडी चुकीच्या फलाटावर पुकारलेली नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. अशा माणसाला रोज नेमाने चूक करायला सांगणं म्हणजे शिक्षाच, पण मी कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सहाणेवर इतकं पाणी ओतलं, की ते माझ्या मांडीवरून जमिनीवर आलं. "पाणी," आत्या म्हणाली. तिसऱ्या दिवशी खोडरबराने खोडावं तशी कांडी मागे-पुढे घासली. "गोल. गोल." चौथ्या दिवशी आदल्या दिवसाचा वाळलेला लेप न काढताच सुरुवात केली. "धू आधी." दोन शब्द झाले म्हणून उच्चारबाईंनी माझा हात दाबला. पाचव्या दिवशी उगाळलेली ओली कांडी खिडकीत कडक उन्हात ठेवली, तेव्हा आत्याने पलंगावरून पाय खाली सोडले. "सावलीत. सावलीत ठेव, मूर्ख." उच्चारबाईंनी वहीत 'मूर्ख' हा शब्द वेगळा लिहून त्याखाली रेघ मारली.

हळूहळू माझ्या चुका संपत आल्या. मग सगळा वॉर्ड मदतीला आला. प्लास्टरवाले गृहस्थ रोज सकाळी माझ्यासाठी एक चूक शोधून ठेवत. सिस्टर म्हणाल्या, "साबणाने धुऊन बघा." ती चूक जबरदस्त निघाली. आत्या सबंध दोन मिनिटं बोलली, त्यातले निम्मे शब्द एकमेकांच्या जागी बसले होते, पण राग अगदी जागच्या जागी होता. डॉक्टरांना ती 'डगला' म्हणायची. "डगला, बघ ही काय करतेय," असं तिने म्हटलं, की डॉक्टर येऊन बघत. नवव्या दिवशी मी वेखंडाऐवजी सुंठ घेऊन गेले. सहाणेला लावायच्या आतच आत्या म्हणाली, "हे वेखंड नाही. सुंठ आहे. नाक आहे का तुला?" मला इतका आनंद झाला, की मी तिला तसंच आणखी बोलायला लावलं.

आणि इथेच सगळं अडलं. आत्याला रागावता येत होतं, पण मागता येत नव्हतं. तहान लागली तरी "पाणी" म्हणायची नाही, पाणी जास्त झालं तरच म्हणायची. उच्चारबाईंनी हर प्रकारे प्रयत्न केला. "म्हणा, मला मदत हवी." आत्या त्यांच्याकडे बघत राहायची. मला यात नवल वाटलं नाही. आजार नव्हता तेव्हाही तिने हे वाक्य कधी म्हटलेलं मला आठवत नाही. जन्मभर ती देणारी, घेणारे उंबऱ्याबाहेर. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर रागावल्या तरी मला चालेल, पण फोन उचलून कुणाला तरी बोलावता आलं पाहिजे. शुक्रवारी दुपारी बघू." आईने शुक्रवारसाठी नवा अभ्रा शिवला.

शुक्रवारी मला रजा मिळाली नाही. ठरलं असं, की आत्या बसस्थानकावर मला फोन करणार आणि काहीतरी मदत मागणार. डॉक्टर आणि उच्चारबाई शेजारी उभे राहून ऐकणार. बोट ठेवून नंबर लावायचं तिला जमत होतं. मी माइकच्या केबिनमध्ये फोनचा स्पीकर चालू करून बसले होते. तीन वाजून दहा मिनिटांनी फलाट क्रमांक चारची घोषणा केली आणि तेवढ्यात फोन वाजला. त्या घाईत माइकचं बटण दाबलेलंच राहिलं, हे मला कळलं नाही.

पहिल्यांदा ऐकू आली ती आई. "लागला का? लागला वाटतं. वन्सं, आता म्हणा, मला मदत हवी. की नुसतं 'ये' म्हणता? 'ये' सोपं आहे. पण 'ये' म्हटलं तर तिला कळेल का कशाला? नाही कळणार. मी सांगू का? नको, तुम्हीच म्हणा. दमला असाल तर राहू दे. आपल्या घरी फोनबिन काही लागणार नाही, मी आहेच की दिवसभर—"

मग नुसता श्वास. मी म्हटलं, "आत्या, मी ऐकतेय."

"ये," आत्या म्हणाली.

"काय झालं?"

"लवकर ये. तुझी आई बोलतेय. थांबव तिला."

हे सगळं बसस्थानकाच्या बाराही फलाटांवर स्वच्छ ऐकू गेलं. चार नंबरवर गाडीत चढणारे लोक पायरीवरच थांबले. चौकशीच्या खिडकीतला सहकारी काचेवर टकटक करून माइककडे बोट दाखवत होता आणि हसून हसून त्याला धड उभंही राहवत नव्हतं. एकवीस वर्षांतली माझी ती पहिली चूक, आणि मी ती मुद्दाम केली नव्हती. तिकडे इस्पितळात डॉक्टरांनी कागदावर 'मदत मागता येते' असं लिहिलं आणि सही केली. आईने दोन दिवस अबोला धरला. म्हणजे रोजच्यापेक्षा निम्मं बोलली.

आत्या आपल्या दोन खोल्यांत परत गेली. आता शेजारीण सकाळी डोकावते आणि मी ड्यूटी संपवून जाते, पाच ते सहा. ती उजव्या हाताला व्यायाम म्हणून घरातल्याच चादरी उलगडून पुन्हा घड्या घालते आणि मी वेखंड उगाळून तिच्या खांद्याला लेप लावते. आता मी बरोबर उगाळते, तरी ती काहीतरी चूक काढतेच. शब्द अजून अडखळत येतात, चारपाचांचा घोळका करून, पण येतात.

परवा उगाळता उगाळता मी म्हटलं, "काय वास आहे बघ. मला अजून ती चव आठवते. आधी डंख, मग कडू, मग घशाशी—"

"कसली चव?" आत्याने विचारलं.

"वेखंडाची. माझ्या जिभेला लावायचीस ना."

"मध," आत्या म्हणाली.

"हो, मधातून."

"नुसता मध."

मी कांडी खाली ठेवली. आत्याने हातातली घडी पूर्ण केली, मग सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, "आधी मीच चाटलं. बोटभर. दुपारपर्यंत ओकत होते. तुला कसं देणार? एवढीशी होतीस."

"मग सहाण? रोज उगाळायचीस ना?"

"उगाळायचे. तुझ्या आईला... दारात वास यायला हवा."

"आणि ती बाकीची मुलं?"

"सगळ्यांना मध."

चाळीस वर्षं जी चव मी अख्ख्या गावाला सांगत फिरले, ती मी चाखलीच नव्हती. मला आत्याचा राग आला आणि हसूही आलं. मी विचारलं, "मग मी बोलले कशी?"

या वेळी तिला शब्द सापडायला फार वेळ लागला. मला मदत करावीशी वाटली, दोनतीन शब्द सुचवावेसे वाटले. उच्चारबाईंनी बजावलं होतं म्हणून कशीबशी थांबले.

"तू बसायचीस. मी घड्या घालायचे. गप्प," आत्या म्हणाली. "तुझ्या घरी जागाच नव्हती. बोलायला. मी नुसती थांबले."

मग तिने डावं बोट माझ्यासमोर धरलं. "कुणाला सांगू नकोस. वेखंडाचं नाव जाईल."

मी शब्द दिला. म्हणून हे माइकवर सांगितलेलं नाही, फक्त लिहिलं आहे. बाकी कसर, सर्दी, तान्ह्याचं पोट आणि प्लंबरचा गुडघा हे सगळं खरं आहे, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

तिला बरंच काही विचारायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं, तीन वर्षांची होते त्यानंतर पहिल्यांदाच मी आपण होऊन गप्प बसले. भिंतीवरचं घड्याळ पावणेसहा दाखवत होतं. आत्याने पुढची चादर उलगडली, मांडीवर पसरली आणि कड चाचपत चाचपत एका जागी थांबली. ती वर बघत नव्हती, मीही तिच्याकडे बघितलं नाही. खूप वेळ गेला.

"ही फाटली," आत्या म्हणाली.

मी सुई-दोरा आणायला उठले.